आबांच्या कानातलं मशीन

कानात बसवायच्या साच्याला वास असतो. दिवसभराचा घाम, कानातला मळ आणि कोंडलेली हवा यांत भिजलेल्या प्लास्टिकचा तो वास मी कित्येक वर्षं रोज घेतो आहे, तरी त्याची सवय झालेली नाही. संध्याकाळी कानातलं ऐकायचं मशीन काढायचं, त्याचा साचा सुटा करायचा, कोमट साबणाच्या पाण्यात टाकायचा, नळीत अडकलेला मळ टाचणीनं कोरायचा आणि फडक्याला पुसायचा. फडक्यावर पिवळट रेघ उमटते. ज्या वाटीत हे पाणी असतं त्या वाटीला बायको हात लावत नाही. आमच्या घरात वेगळी काढून ठेवलेली वाटी तेवढी एकच.

हे आधी सांगून टाकलं, कारण पुढं जे सांगणार आहे त्यात दुसऱ्याच्या कानातला मळ आहे, आणि तो मी माझ्या हातानं काढला आहे.

मी मूळचा शिरूर तालुक्यातला, वडगाव रासाईचा. भीमेच्या काठी, बौद्धवाड्यात आमचं घर. एकोणिसाव्या वर्षी मला टीबी झाला. दवाखान्यात सुया सांगितल्या, रोज एक, दोन महिने. मी एकही चुकवली नाही. खोकला गेला, अंग भरलं आणि कानात रातकिडे किरकिरायला लागले. ते रातकिडे अजून आहेत, बाकीचं हळूहळू गेलं. आधी बायकांचे आवाज, मग सायकलची घंटी, मग समोर बसलेला माणूस. सुया देणाऱ्या बाईंना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "होतं कुणाकुणाला." त्यांच्या बोलण्यात वाईटपणा नव्हता. दार लावून घेताना आपण बोलतो तशा त्या बोलल्या.

पहिलं मशीन वडिलांनी आणलं. शर्टाच्या खिशात ठेवायची डबी आणि तिथून कानापर्यंत गेलेली वायर. पोरं मला रेडिओ म्हणायची. "कुठलं स्टेशन लागलंय?" असं विचारून स्वतःच हसायची. ते मशीन माणसांपेक्षा माझ्या शर्टाचंच जास्त ऐकवायचं. हात हलला की खरखर, वाकलं की खरखर.

पुढं अपंगांच्या कोट्यातून मला केडगावला स्टेशनजवळ एसटीडीचा बूथ मिळाला. अर्ज घेणाऱ्या कारकुनानं कागद वरखाली पाहिले आणि शेजारच्या टेबलाकडं वळून म्हणाला, "बहिऱ्याला टेलिफोन." ते मी त्याच्या ओठांवर वाचलं. दोघं बराच वेळ हसले. मी सही करून पावती घेतली.

बूथ मात्र चांगला चालला. नव्वदच्या दशकातले ते दिवस. कुरकुंभच्या कारखान्यांत आलेले परप्रांतीय कामगार, पुण्याला रोज ये-जा करणारे नोकरदार, भाव विचारणारे भाजीवाले, सगळे रांग लावायचे. मला ऐकायचं काही नव्हतंच, मीटर बघायचं आणि बिलाची पट्टी फाडून द्यायची. दोन वर्षांच्या कमाईतून मी कानामागं बसणारं मशीन घेतलं. तेव्हा कळलं की लोक मला बहिरा धरूनच चालले होते. केबिनचं दार उघडं ठेवून माझ्यादेखत काय वाटेल ते बोलायचे. आजारी आईला "सुट्टी मिळत नाही" सांगून एकजण बाहेर येऊन मित्राला टाळी द्यायचा. एकजण बायकोला रोज त्याच शांत आवाजात शिव्या घालायचा आणि बाहेर येऊन मला "नमस्कार साहेब" करायचा. संध्याकाळी मी रिसीव्हर पुसायला घ्यायचो. बोलायच्या भोकांत तंबाखूची थुंकी वाळलेली असायची. कापूस डेटॉलमध्ये भिजवून ती भोकं एकेक करून साफ करायचो आणि वाटायचं, या बोलण्याला हा वास शोभतो.

अशा त्या जागी मला आबा भेटले.

ते कासुर्डीचे. पाटबंधारे खात्यात पाटाचं पाणी सोडणारे पाटकरी होते, निवृत्त झालेले. त्यांची पेन्शन केडगावच्या बँकेत यायची. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात यवतवरून शटलनं यायचे, पैसे काढायचे आणि परतीची गाडी येईपर्यंत माझ्या बूथसमोरच्या बाकावर बसायचे. एकदा मी आत बसलो असताना बारीक शिट्टी ऐकू आली. माझं मशीन तपासलं, ते ठीक होतं. शिट्टी त्यांच्या कानातून येत होती. मी बाहेर जाऊन स्वतःच्या कानाला हात लावून दाखवला.

"आबा, साचा आत दाबा. शिट्टी मारतोय."

त्यांनी दाबला आणि माझ्या कानाकडं बघत राहिले. "तुम्हाला बी मशीन हाय व्हय?"

"हाय की. बरीच वर्षं झाली."

"मग ह्यो फोनचा धंदा कसा करता?"

"बोलायचं काम लोकांचं. मी मीटर बघतो."

ते हसले. मग गाव विचारलं, आडनाव विचारलं. आडनाव ऐकल्यावर त्यांची नजर समोरच्या कपावर गेली. मी मागवलेला चहा समोर निवत होता. मग कप उचलून प्यायले. पुढच्या महिन्यापासून चहा तेच सांगायला लागले.

मशीन भारी होतं त्यांचं, नवं डिजिटल. मी ते तोवर दुकानाच्या काचेतच पाहिलेलं. थोरल्या मुलानं घेऊन दिलं असं गावात सगळे म्हणायचे. आबांनी मला खरं सांगितलं, "पैसं माझ्या पेन्शनच्या फरकाचं. नाव त्याचं. असू द्या." त्या मशीनला मटाराच्या दाण्याएवढा सेल लागतो, तो पंधरा दिवसांत संपतो. तेव्हा तो पुण्याशिवाय मिळायचा नाही. मी माझ्यासाठी पान आणायचो, सहा सेलचं. त्यातले दोन आबा दर महिन्याला घेऊन जायचे. पैसे मोजून द्यायचे, मी नको म्हटलं तरी.

आम्हा दोघांचं बोलणं बघून लोकांची करमणूक व्हायची. दोन्ही माणसं पुढं वाकलेली, दोन्ही एकमेकांच्या तोंडाकडं बघतायत. आबा शेवंतीच्या भावाबद्दल बोलायचे, पाटाच्या पाळीवरून पूर्वी झालेल्या मारामाऱ्या सांगायचे. एकदा म्हणाले, "मशीन आल्यापासनं घरात कोण काय बोलतंय ते समदं कळाय लागलं. आधी लई बरं हुतं." ते हसत म्हणाले म्हणून मीही हसलो.

मग एका महिन्यात ते आले नाहीत. त्यांचा थोरला मुलगा आला, मोटारसायकलवर. वडिलांची सही घेतलेली पैसे काढायची स्लिप त्याच्याकडं होती. बँकेतून आल्यावर त्यानं माझ्याकडून एक फोन केला. मी विचारलं, "आबा?"

"म्हाताऱ्या माणसाला कशाला दगदग. मीच येत जाईन आता."

"आणि सेल? दोन घेऊन जा."

"आणतो मी यवतमधनं."

यवतमध्ये तो सेल मिळत नव्हता, हे मला पक्कं माहीत होतं. मी स्वतः तिथल्या घड्याळवाल्यांकडं विचारून आलो होतो. तरी मी काही बोललो नाही. गिऱ्हाइकाच्या घरात आपण कशाला शिरावं, असं मनाशी म्हणालो. ते मौन आजही आठवलं की तोंडात कडू येतं.

सात-आठ महिने तोच येत राहिला. नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांना हयातीचा दाखला द्यायला स्वतः बँकेत यावं लागतं. तेव्हा त्यानं आबांना आणलं. बँकेत गर्दी होती म्हणून त्यांना माझ्या बाकावर बसवून तो नंबर लावायला गेला. आबा वाळले होते. कानात मशीन होतं. मी जवळ जाऊन म्हणालो, "आबा, कसं काय?"

ते माझ्याकडं बघून नुसते हसले. पुन्हा मोठ्यानं विचारलं. पुन्हा तेच हसू. हे हसू मी ओळखतो, बहिरे लोक ते वापरतात, मीही वापरतो. समोरच्यानं काय म्हटलं ते कळलं नाही की हे हसू पुढं करायचं. मी त्यांच्या कानातून मशीन काढलं आणि सेलचा कप्पा उघडला. आतला सेल कधीचा मेला होता. घरचे ते मशीन त्यांच्या कानात तसंच घालून ठेवत होते, पाहुण्यांना दिसावं म्हणून असेल. किंवा आबाच घालत असतील.

मी नवा सेल टाकला. मशीन त्यांच्या कानात बसवलं. समोरून मालगाडी जात होती. आबांनी दोन्ही हातांनी बाक धरला. मग हळूहळू सैल झाले आणि म्हणाले, "लई दिस झालं."

मी आतून सेलचं अख्खं पान आणलं. त्याच्या मागं बॉलपेननं मोठ्या अक्षरात लिहिलं, 'दर पंधरा दिवसांनी बदलणे.' त्यांच्या बंडीच्या आतल्या खिशात घातलं. पैसे घेतले नाहीत. त्यांच्याकडं नव्हतेच. पेन्शनर माणूस, आणि त्याच्या खिशात शटलच्या तिकिटापुरतेही पैसे नव्हते.

मुलगा परत आला तेव्हा मी सांगितलं की सेल संपला होता, नवा टाकलाय, पान दिलंय.

"कशाला उगं," तो म्हणाला. "घरात बसूनच असत्यात. त्यांना काय ऐकायचंय?"

आबा शेजारीच बसले होते. मशीन चालू होतं. त्यांनी ऐकलं, आणि ते त्याच जुन्या हसण्यानं हसले.

ती आमची शेवटची भेट.

पुढच्या उन्हाळ्यात माझं मशीन बंद पडलं. घामानं आतले भाग खाल्ले होते. बायकोला घेऊन पुण्याला गेलो. दुकान थंडगार, भिंतीवर हसणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचे फोटो. टाय लावलेल्या एका तरुणानं माझं मशीन दोन बोटांनी उचललं, मेलेलं झुरळ उचलावं तसं. हे आता दुरुस्त होत नाही, याचे भाग येत नाहीत, असं त्यानं माझ्या बायकोला सांगितलं. मी समोर बसलेला असताना तो सगळं तिलाच सांगत होता. शेवटी एका वहीच्या पानावर त्यानं आकडा लिहिला आणि ते पान तिच्यापुढं सरकवलं. अठ्ठावीस हजार. एका कानाचे.

"काकांचं बजेट काय आहे?" त्यानं तिला विचारलं.

"त्यांनाच विचारा की," ती म्हणाली. "कान त्यांचं हायेत." हे तिनं मला बाहेर आल्यावर सांगितलं, त्याचा चेहरा कसा झाला तेही सांगितलं. पण आकडा तोच राहिला. तेव्हा मोबाइल ज्याच्या त्याच्या हातात दिसायला लागले होते. माझ्या बूथसमोरची रांग गेली होती. दिवसाला दहा-बारा फोन झाले तरी खूप. अठ्ठावीस हजार म्हणजे वर्षभराचा धंदा. मी त्या पानाची घडी घालून खिशात ठेवली आणि आम्ही परत आलो.

ते तीन-चार महिने मी बिनमशीनचा बूथवर बसलो. लोक काउंटरवर नाण्यानं टकटक करायचे. काहीजण हातवारे करून बोलायचे, मी माकड असल्यासारखे. एकजण रोज पट्टीवरच्या आकड्यापेक्षा रुपया-दोन रुपये कमी ठेवायचा, मी बोललो की ओठ न हलवता काहीतरी म्हणायचा. मी ते सोडून द्यायचो.

आबा गेल्याचं बँकेतल्या शिपायानं मला कागदावर लिहून दाखवलं. ऑगस्ट असेल. मी दहाव्याला कासुर्डीला गेलो. मोठा मांडव, प्रवचनाला बाहेरून महाराज, आंब्याच्या झाडाला बांधलेले दोन भोंगे. मला शब्द कळत नव्हते, पण भोंग्याची थरथर बाकड्यातून छातीत येत होती. फाट्यावर आबांच्या फोटोचा मोठा फलक लावला होता, खाली मुलांची, नातवंडांची नावं. ज्या माणसाला घरच्यांकडून एक सेल मिळाला नाही त्याच्यासाठी एवढा आवाज चालला होता. पंगतीत बुंदी वाढायला आले तेव्हा मी उठलो. वाढणाऱ्यानं काहीतरी विचारलं, मी हसलो आणि निघालो.

पंधरा-वीस दिवसांनी थोरला मुलगा आईला घेऊन केडगावला आला. आबांची पेन्शन आता तिच्या नावावर व्हायची होती, त्याची कागदपत्रं. म्हातारी बाहेर बाकावर बसली, पदर पुढं ओढून. तो आत आला आणि काउंटरवर एक डबी ठेवली. मशीनची डबी. त्यानं बोट माझ्या कानाकडं केलं, मग डबीकडं. मी वही पुढं केली. त्यानं लिहिलं, 'तुमचं बंद पडलंय असं ऐकलं. हे घ्या. नवं आहे.' खाली आकडा, बारा हजार.

मी डबी उघडली. मशीनला साचा तसाच लावलेला होता, आबांच्या कानाचा. त्याच्या टोकाला तपकिरी मळ वाळून बसलेला, त्यात एक पांढरा केस. बहुतेक शेवटच्या दिवशी कानातून काढलं आणि तसंच डबीत टाकलं होतं. सेलचा कप्पा उघडेना. नखानं ओढला तर आतला सेल फुटून पांढरी-हिरवी पूड जमली होती. हा सेल मी टाकलेला. नोव्हेंबरात.

त्यानं खिशातून आणखी काहीतरी काढलं आणि डबीशेजारी ठेवलं, दुकानदार वर काहीतरी फुकट देतो तसं. सेलचं पान. सहाचे सहा सेल तसेच, वापरताना सोलायची चिकट चकती एकाचीही निघालेली नाही. मी ते उलटं केलं. मागं माझंच अक्षर होतं.

मी किती वेळ ते अक्षर बघत होतो ते सांगता येणार नाही. वर पाहिलं तर तो वहीत लिहीत होता, 'बॅटऱ्या पण आहेत. न वापरलेल्या.'

त्या वेळी मी काय करायला हवं होतं हे मला तेव्हाही माहीत होतं. डबी त्याच्या अंगावर फेकायला हवी होती. निदान पान वर धरून विचारायला हवं होतं. मी काय केलं ते सांगतो. मी ब्लेडनं कप्प्यातली पूड खरवडली. त्या पानातला एक सेल काढून आत बसवला. चालतंय का ते बघायला कानात घालणं भाग होतं, आणि साचा आबांचाच होता. शर्टाच्या टोकानं तो पुसला. पुसताना केस बोटाला चिकटला, तो काउंटरच्या कडेला पुसला. मग तो साचा माझ्या कानाच्या तोंडाशी हातानं दाबून धरला. माझ्या कानात तो बसत नव्हता. त्याचा गारपणा आणि खवट वास एकदम आला. मशीननं मोठी शिट्टी मारली, मी जोरात दाबलं, शिट्टी थांबली. आणि चार महिन्यांनी मला माणसाचा आवाज ऐकू आला. स्वच्छ, अगदी कानाजवळ.

तो म्हणत होता, "घ्या बिनधास. तुमच्या लोकात काय असला इटाळ नसतो."

त्यानं हे दुष्टपणानं म्हटलं नाही. सोय सांगावी तसं म्हणाला. दहाव्याला मी पंगतीतून उठलो होतो ते त्याच्या लक्षातही नसेल. ज्या बापाच्या कानातलं काढलं तो याचाच बाप, ते मशीन घरात ठेवायला याला विटाळ, आणि माझ्या कानात चालतं. मी साचा कानाशी तसाच धरून म्हणालो, "कप्पा गंजलाय."

"व्हय, थोडा."

"साचा मला चालणार नाही. नवा करावा लागंल. पुण्याला सेटिंग बदलावं लागंल. आठ देतो."

आम्ही साडेआठवर आलो. म्हणजे आबांना सेल न मिळाल्यामुळं जो गंज चढला होता, तो दाखवून मी भाव पाडला. मला त्याची किळस आली होती, आणि मी त्याच्याशी त्याच्याच भाषेत बोलत होतो. पैसे द्यायला मी घरी जाऊन आलो, मशीन मिळतंय एवढंच सांगितलं, बायकोनं शिलाईचे साठवलेले त्यात घातले. तो मोजत असताना मी बाहेर बघितलं. म्हातारी बाकावरून माझ्याकडंच पाहत होती. तिनं सगळं पाहिलं असणार.

बायकोनं रात्रीच्या भाकरी टाकताना विचारलं, "कुणाचं हाय?" मी सांगितलं. ती भाजत होती ती भाकरी तव्यावर तशीच राहिली.

"मेलेल्याच्या कानातलं?"

"हो."

"पान बी तेनंच परत इकलं?"

"हो."

"आन् तुम्ही घासाघीस केलीत." तिनं करपलेली भाकरी उतरवली आणि कुत्र्याला टाकली. थोड्या वेळानं म्हणाली, "अठ्ठावीस हजार कुठनं आणणार हुतो आपण," आणि तो विषय तिच्यापुरता संपला.

साचा मी मोरीत नेऊन धुतला. तीनदा धुतला. मळ निघता निघत नव्हता, टाचणीनं कोरून काढला. वापरायचा नव्हताच, तरी का धुतला ते माहीत नाही. दुसऱ्या दिवशी भीमेच्या पुलावरून जाताना तो पाण्यात टाकला.

पुण्याच्या दुकानात पुन्हा तोच टायवाला. मशीनवरचा नंबर पाहून त्यानं बायकोलाच सांगितलं की हे दुसऱ्याच्या नावावर आहे, वॉरंटी नाही, आम्ही हात लावू शकत नाही. नवीन घेतलं तर मात्र यावर थोडी सूट मिळेल. आतल्या खोलीत एक वयस्कर तंत्रज्ञ बसले होते, जाड चष्म्याचे. त्यांनी दारातून हे ऐकलं असावं. हातानं मला आत बोलावलं. माझ्या कानात गार लगदा भरून साच्याचं माप घेतलं, कानाची तपासणी केली, मशीन संगणकाला जोडलं. बऱ्याच वेळानं म्हणाले, "ज्यांचं होतं त्यांनी फारसं वापरलेलं दिसत नाही. बाहेरून गंज आहे, आतून नवंकोरं आहे." मी मान हलवली. त्यांनी साच्याचे पैसे घेतले, बाकीचे घेतले नाहीत.

ते मशीन मी पाच वर्षं वापरलं. त्यावर मुलीची दहावीची तोंडी तयारी करून घेतली, बूथ बंद करताना आलेल्या भंगारवाल्याशी भांडलो, आईचं शेवटचं बोलणं ऐकलं. चांगलं होतं. पहिले काही महिने सकाळी कानात घालताना पोटातून शिसारी यायची. पुढं ती कमी झाली. किळसही जुनी होते, हे त्यातून कळलं, आणि ते मला आवडलं नाही.

बूथ गेल्यावर मी केडगावातच झेरॉक्सचं दुकान टाकलं. एका दुपारी दौंडला जायला स्टेशनवर उभा होतो तर आबांची बायको दिसली. एकटीच, हातात औषधांची पिशवी. मी जवळ गेलो. तिनं मला ओळखलं, पदर सावरला.

"मावशी, बरंय का?"

ती माझ्या तोंडाकडं बारकाईनं बघत होती. मग म्हणाली, "मशीन चालतंय न्हवं?"

"चालतंय."

"चालू द्या. तेन्ला न्हाई मिळालं." थोडं थांबून ती आपणहून बोलायला लागली, रुळांकडं नजर ठेवून. "तुम्ही पान दिलं, त्याच दिशी थोरल्यानं काढून घेतलं. फळीवर ठिवलं, डब्यामागं. म्हाताऱ्याला ऐकू आलं की पेन्शनचं इचारायचा. किती आली, कुठं गेली. घरात कटकट व्हायची. ऐकू न्हाई आलं की गप बसायचा. म्हनून."

"तुम्ही काढून द्यायचं होतं," मी म्हणालो. हे मी म्हणायला नको होतं. मी स्वतः काय केलं होतं ते तिनं बाकावर बसून पाहिलं होतं.

ती तशीच रुळांकडं बघत राहिली. मला वाटलं तिला राग आला. मी पुन्हा म्हटलं, थोडं मोठ्यानं. तिनं हसून मान हलवली. तेव्हा मी तिच्या डाव्या बाजूला उभा होतो. मी फिरून उजवीकडं आलो आणि तोंड तिच्यासमोर आणून विचारलं, "मावशी, तुम्हाला ऐकू येतं का?"

तिचं हसू गेलं. आजूबाजूला कुणी गावचं आहे का ते तिनं पाहिलं.

"येतं की."

"डाव्या कानानं?"

"येतं म्हनलं न्हवं." मग आवाज उतरवून म्हणाली, "न्हाई आलं तरी कुनाला सांगू नगा. थोरल्याला कळलं की मला बी घरातच बसवंल. माझी बी पेन्शन हाय."

मी तपासणीबद्दल काहीतरी बोलायला लागलो. सरकारी दवाखान्यात फुकट होते, मी घेऊन जातो, असं. ती ऐकत नव्हती, की तिला ऐकू येत नव्हतं, ते मला कळलं नाही. शटल आली. तिनं पिशवी काखेत मारली, डब्याचा दांडा धरला आणि चढली. खिडकीशी जागा मिळाली तिला. मी बाहेरून हात केला. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि तेच हसू हसली.